चेपणीच्या तोरात मीठ शिरतं कसं?

चेपणीची तोरं, म्हणजे मिठात दाबून मुरवलेले कोवळे आंबे, कशी होतात, याचं पुस्तकी उत्तर एका ओळीत संपतं: मीठ परासरणाने फळातलं पाणी ओढून घेतं. उत्तर चुकीचं नाही, पण अर्ध्यावर थांबलेलं आहे. परासरण म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पटलातून पाणी जाणार आणि मीठ अडणार. मग महिन्याभराने बरणीतून काढलेलं तोर आतपर्यंत खारट का लागतं? पटल शेवटपर्यंत मीठ अडवत राहिलं असतं, तर तोर नुसतं आक्रसलं असतं आणि आतून आंबटच राहिलं असतं. ज्या अर्थी ते खारट होतं, त्या अर्थी मधेच कधीतरी पटलाने अडवणं सोडलं. सरळ सांगायचं तर पटल मेलं.

बरणीत एकामागून एक दोन वेगळ्या गोष्टी घडतात. आधी जिवंत पटलातून परासरण, नंतर मेलेल्या पटलातून साधं विसरण. परीक्षेच्या पेपरात दोन्हींची सरमिसळ होते, आणि खरं म्हणजे पाठ्यपुस्तकांतल्या लोणच्याच्या उदाहरणातही होते.

आधी बरणी. कोय न धरलेली कोवळी तोरं, काढलेली, देठासकट. झाडाखाली पडलेली घ्यायची नाहीत, कारण आपटलेल्या जागी पेशी आधीच फुटलेल्या असतात आणि तीच जागा पहिली मऊ पडते. तोरं धुऊन, पुसून, सावलीत पूर्ण कोरडी करायची. किलोभर तोरांना पाव किलो जाडं मीठ. तळाला मीठ, त्यावर तोरं, परत मीठ, असं करत वर मिठाचा जाड थर. त्यावर बरणीच्या तोंडातून जाईल अशी ताटली आणि ताटलीवर धोंडा. दोन-तीन दिवसांत तोरांना सुरकुत्या पडतात आणि बाहेरून थेंबभरही पाणी न घालता बरणीत पाणी दिसायला लागतं.

हे पाव किलोचं माप कुठून आलं, ते मोजून बघण्यासारखं आहे. किलोभर कोवळ्या तोरांत ८०० ग्रॅमच्या आसपास पाणी धरा. २५० ग्रॅम मीठ शेवटी सगळीकडे सारखं पसरलं की खारं पाणी २५० भागिले १०५०, म्हणजे जवळजवळ २४ टक्क्यांचं होतं. मीठ पाण्यात विरघळून विरघळून २६ टक्क्यांपर्यंतच जातं, म्हणजे आपण त्या हद्दीच्या अगदी जवळ आहोत. तब्येतीला कमी मीठ बरं म्हणून कोणी १०० ग्रॅमवर आलं, तर हिशेब ११ टक्क्यांवर येतो. एवढ्या खारटपणाने बरेच जंतू थांबतात, पण मीठ सोसणारं यीस्ट थांबत नाही. ते आपल्या पेशीत ग्लिसरॉल साठवून बाहेरच्या मिठाशी तोल राखतं आणि पाण्यावर पांढरी साय धरतं. कमी मीठ हवं असेल तर खायच्या आधी तोर भिजवावं, बरणीत कंजुषी नको.

मीठ वाटीने न मोजता तोलून घ्या. जाड्या मिठाच्या खड्यांमधे पोकळी राहते, त्यामुळे त्याची वाटी बारीक मिठाच्या वाटीपेक्षा हलकी भरते. पाकिटातल्या सळसळीत मिठात ते गोळा होऊ नये म्हणून घातलेला पदार्थ असतो, त्याने खारं पाणी गढूळ दिसतं. गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्यासारख्या ठिकाणचं मिठागरातलं जाडं मीठ चांगलं, याला नुसती जुनी सवय हे कारण नाही. त्यात समुद्राच्या पाण्यातलं थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम राहिलेलं असतं. कॅल्शियम पेशीच्या भिंतीतल्या (पेशीभित्तिकेतल्या) पेक्टिन या चिकट पदार्थाला बांधून ठेवतं आणि तोर कडक राहतं.

आता धोंडा. नावच चेपणी असल्यामुळे धोंडा पाणी पिळून काढतो असा समज आहे. हिशेब करा. ५ किलोचा धोंडा २० सेंटीमीटर व्यासाच्या ताटलीवर ठेवला, तर दर चौरस सेंटीमीटरला १६ ग्रॅम भार पडतो. वातावरणाच्या दाबाचा हा जेमतेम साठावा हिस्सा. उलट मीठ पुरेपूर विरघळलेल्या पाण्याचा परासरण दाब साडेतीनशे वातावरणांच्याही वर जातो. पाणी काढायचं काम धोंडा करतच नाही. तो तोरांना पाण्याखाली दाबून धरतो, इतकंच. ज्या तोराचं डोकं पाण्याबाहेर राहतं त्यालाच बुरशी येते, म्हणून धोंड्यापेक्षा ताटलीचा आकार महत्त्वाचा. कडेने बोटभर फट राहिली की तिथून एखादं तोर वर येतंच.

साडेतीनशे वातावरणं हा आकडा कोणाला अतिशयोक्ती वाटेल, पण १ टक्का मिठाच्या पाण्याचाच परासरण दाब ८ वातावरणांच्या आसपास असतो. मात्र हा दाब जाणवायला मधे निवड करणारं पटल लागतं. पटल काढून टाका, दाब शून्य.

पटल म्हणजे मेदाचा दोन पदरी थर, जाडी साधारण ५ नॅनोमीटर. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड त्यातून विनासायास जातात. पाणी बऱ्यापैकी जातं. ग्लुकोज जवळजवळ अडतं, आणि सोडियमसारखा विद्युतभार असलेला आयन तर पाण्याच्या मानाने अब्जावधी पटींनी हळू जातो, म्हणजे व्यवहारात जातच नाही. ज्या पदार्थांना मेदातून वाट नाही त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं असतात. पाण्यालासुद्धा स्वतंत्र दार आहे. पीटर आग्रे यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलेल्या या ॲक्वापोरिनच्या एकेका नळीतून सेकंदाला ३ अब्जांच्या आसपास पाण्याचे रेणू जातात आणि एकही प्रोटॉन जात नाही. त्यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल यासाठीच मिळालं.

आणि मीठ पाणी ‘ओढतं’ हेही बोलण्यापुरतंच खरं. पाण्याचे रेणू पटलातून दोन्ही बाजूंनी सतत ये-जा करत असतात. बाहेर मीठ असलं की आत परतणाऱ्यांची संख्या बाहेर जाणाऱ्यांपेक्षा कमी पडते. पेशी रिकामी होते ती या फरकामुळे.

बरणीत हे डोळ्यांनी दिसत नाही. अकरावीच्या प्रॅक्टिकलमधल्या ऱ्हिओच्या पानात दिसतं. पान वरून हिरवं, खालून जांभळं, कुंडीत कुठेही असतं. पान जांभळी बाजू वर करून तिरकं दुमडायचं आणि फाडत न्यायचं, म्हणजे कडेला कागदासारखा पातळ जांभळट पापुद्रा सुटतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात घ्यायचा, सुई टेकवून कव्हरस्लिप हळू सोडायची. सूक्ष्मदर्शकात गुलाबी-जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेल्या पेशी दिसतात. हा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, म्हणजे १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम, आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावायचा. कागद पाणी शोषतो तसं मिठाचं पाणी पापुद्र्यावरून सरकतं. दोन ते पाच मिनिटांत रंगाचा गोळा कोपऱ्यांपासून सुटायला लागतो आणि शेवटी पेशीच्या मधोमध गडद जांभळा होऊन बसतो. हा रससंकोच, वर्गात सगळे प्लाझमोलिसिस म्हणतात तो. गोळ्याचा रंग गडद होतो, कारण रंग तेवढाच आहे, पाणी कमी झालंय.

तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं: भिंत आणि आक्रसलेलं पटल यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय असतं? ‘हवा’ आणि ‘काही नाही’ ही दोन्ही उत्तरं चुकीची. तिथे बाहेरचंच मिठाचं पाणी असतं. पेशीभित्तिका मिठाला अडवत नाही, अडवतं ते पटल. या एका प्रश्नावरून मुलाला पटल कळलंय की नाही ते समजतं.

हा प्रयोग बिघडतो तो ठरलेल्या जागीच. पापुद्रा जाड निघाला तर खालच्या हिरव्या पेशी आड येतात. फाटलेल्या कडेच्या पेशी बिनरंगाच्या असतात. त्या आधीच फुटलेल्या, त्यांच्यात काही घडणार नाही, म्हणून आतल्या बाजूचं क्षेत्र बघायचं. दिव्याच्या उष्णतेने थेंब सुकत गेला तर मीठ न घालताही पेशी आक्रसतात आणि पाण्यातला नमुना खोटा ठरतो. सगळ्यात मोठी चूक घाईची: लवकर दिसावं म्हणून २० टक्क्यांचं पाणी. त्यात संकोच झटकन दिसतो खरा, पण नंतर साधं पाणी सोडल्यावर पेशी परत फुगत नाहीत. ५ टक्क्यांत, लगेच पाणी सोडलं तर फुगतात. तासाभराने सोडलं तर बऱ्याचशा फुगत नाहीत. परत फुगली ती पेशी जिवंत होती. प्रयोगाचा खरा अर्थ या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे आणि जर्नलमधे नेमका तोच लिहायचा राहतो.

पटल मेल्याची खूण म्हणजे रंग बाहेर येणं. सावंतवाडीकडे ज्यांना रातांबे म्हणतात ती भिंडां फोडून, बिया काढून, साली मिठात घातल्या की आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, सुटतं, आणि ते पाण्यासारखं नसतं, गडद लाल असतं. परासरणाने नुसतं पाणी बाहेर यायला हवं. अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याचा रंग रिक्तिकेतला, त्याला बाहेर यायला रिक्तिकेभोवतीचं आणि पेशीभोवतीचं अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. तो बाहेर आला, म्हणजे दोन्ही गेली. आगळ लाल आहे हाच पुरावा.

भिंडांचा मोसम नसेल तर बीट घ्या. एक सेंटीमीटरचे तुकडे कापून वाहत्या पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. हे धुणं चुकलं तर कापल्या गेलेल्या पेशींचाच रंग दिसतो आणि निष्कर्ष फसतो. मग तीन ग्लास: साधं पाणी, ५ टक्के मिठाचं पाणी आणि ७० अंश सेल्सिअसचं गरम पाणी. दहा मिनिटांत गरम पाणी लाल होतं, बाकीचे दोन फारसे बदलत नाहीत. उष्णतेने पटल मोडतं. मिठाने दहा मिनिटांत फक्त पाणी काढलेलं असतं. मिठाचा ग्लास रात्रभर ठेवला की तोही रंगतो. बरणीतली दोन्ही प्रकरणं एका ग्लासात.

पटल गेल्यावर उरतं विसरण, आणि विसरणाला अंतर मानवत नाही. पाण्यात मिठाचा कण १० मायक्रोमीटर अंतर, म्हणजे लहानशा पेशीएवढं, सेकंदाच्या तीसाव्या हिश्श्यात पार करतो. एक मिलिमीटरला पाच-साडेपाच मिनिटं. एक सेंटीमीटरला नऊ तास. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. फळाच्या गरात वाट वाकडी असते, वर सालीवर मेणाचा थर, म्हणून अख्ख्या तोराला आठवडे लागतात आणि फोडींच्या लोणच्याला दिवस. भिजवून खारटपणा उतरवतानाही हाच नियम. अख्खं तोर रात्रभर भिजवण्यापेक्षा पातळ चकत्या अर्धा तास भिजवा आणि पाणी एकदा बदला.

मीठ जिवंत पेशीत शिरत नाही, ती मेल्यावर शिरतं. विनागर (व्हिनेगर) मात्र जिवंत पेशीतच घुसतं. माडाच्या सुरेचं विनागर म्हणजे साधारण ४ टक्के ॲसेटिक ॲसिड. या आम्लाचे रेणू दोन रूपांत असतात, अख्खे आणि प्रोटॉन सोडून आयन झालेले. अख्ख्याला विद्युतभार नसतो, म्हणून तो मेदातून सरळ आत जातो. आयन जात नाही. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आंबट. पीएच ४.७६ ला दोन्ही निम्मे-निम्मे, पीएच ३ ला ९८ टक्के अख्खे. जंतूच्या आत पीएच ७ च्या जवळपास असतो, तिथे पोचताच रेणू प्रोटॉन सोडतो, आयन होतो आणि आतच अडकतो. मागून आणखी येत राहतात. प्रोटॉन बाहेर फेकता फेकता जंतूची सगळी ऊर्जा संपते. पारा आणि मोल या माशांच्या गोवेकरी लोणच्यांत मासे टिकतात ते मीठ आणि विनागर या दुहेरी माऱ्यामुळे: एक पाणी काढतं, दुसरं आत जाऊन मारतं.

यातून एक व्यवहारी सूचना. विनागर पुरवठ्याला यावं म्हणून त्यात पाणी घालू नका, आणि घातल्यावर पीएचच्या पट्टीवर विसंबू नका. दहापट पातळ केलं तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने वर जातो, पट्टी तशीच लाल दिसते. पण आत घुसणारे रेणू दहाव्या हिश्श्यावर आलेले असतात. खराब होणाऱ्या पाऱ्याचं कारण पुष्कळदा हेच.

मिठाशी जिवंतपणे झगडणारं पटल बघायचं असेल तर गोव्यातल्या चोडण बेटावरच्या खारफुटीत तिवराचं पान बघा. उन्हात पानावर मिठाचे कण चमकतात. मुळांनी बहुतेक मीठ बाहेरच अडवलं, उरलेलं पानातल्या ग्रंथींनी ऊर्जा खर्चून बाहेर टाकलं. खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, कोरगुट भातही खाऱ्या मातीत तग धरतं. साधं भात त्याच मातीत आधी तहानेने कोमेजतं आणि नंतर, पानात सोडियम साचला की, टोकाकडून करपत येतं. दोन टप्पे, बरणीसारखेच.

आता ताट. पेज आणि तिच्याबरोबर चेपणीच्या तोराची फोड. हे जोडपं लहान आतड्याच्या पटलाला फार सोयीचं आहे. आतड्याच्या पेशींना सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आत घेणारं दार आहे, दोन सोडियमबरोबर एक ग्लुकोज. दोघांपैकी एक नसेल तर दार चालत नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पंप बसलेला असतो. तो एका एटीपीच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या एका नाण्याच्या, मोबदल्यात ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो, म्हणून आत सोडियमची कायम टंचाई असते आणि त्या उतारावर ग्लुकोज ओढलं जातं. हा पंप येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये ओळखला. सोडियम आणि ग्लुकोजची जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. मीठ आणि साखर गेली की मागोमाग पाणी जातं. पटकीच्या (कॉलराच्या) विषाने क्लोराइडची दारं सताड उघडतात आणि पाणी बाहेर वाहतं, पण हे जोडदार शाबूत राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि ते वाचले, ते याच दाराच्या जोरावर.

म्हणून जुलाबात पेज चांगलीच, पण तोर नको. २० टक्के मिठाची २० ग्रॅमची फोड म्हणजे ४ ग्रॅम मीठ, ६८ मिलिमोल सोडियम. लिटरभर ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, सगळा मिळून ७५ मिलिमोल असतो. लिटरचं मीठ एका घासात गेलं तर पाणी आतड्यातून रक्तात जायच्या ऐवजी रक्तातून आतड्यात येतं. बाटलीतल्या गोड पेयांचं तेच, फक्त साखरेमुळे. १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर, सोडियम नावाला. आडसराच्या (शहाळ्याच्या) पाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडा. ते प्यायला हरकत नाही, पण जुलाबात ओआरएसची जागा ते घेत नाही.

ओआरएसचं २००२ पासूनचं पाकीट असं असतं: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोज ७५ मिलिमोल, विरघळलेले सगळे कण मिळून २४५ मिलिऑसमोल, रक्तापेक्षा थोडं पातळ, मुद्दाम. आधीचं सूत्र ३११ चं होतं. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा बारीक मीठ. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. लिटरचं पाकीट अर्धं करून अर्ध्या लिटरात घालू नका. पूड हलून हलून खालीवर झालेली असते, दोन अर्ध्यांत मीठ सारखं येत नाही. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाका. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. पेला तोंडाला लावला तर सगळं बाहेर येतं.